काळी म्हणून सांगितलेली गाडी

वकीलसाहेबांच्या गाडीचा रंग कोणता, हे वर्ध्याच्या आमच्या मोहल्ल्यात सगळ्यांना ठाऊक होतं. ज्यांची ती गाडी, त्या काकूंना मात्र ठाऊक नव्हतं. आणि त्यांना ते कळू नये याची व्यवस्था मी, शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या माणसाने, काही वर्षं चोख ठेवली होती. याबद्दल मी आजवर गरजेपुरतंच बोललो. मुळात मी बोलतोच कमी. बायको म्हणते, तुमच्यापेक्षा शाळेतला फळा बरा, त्याच्यावर काहीतरी उमटतं तरी. आता लिहायला बसलोच आहे, तर सगळं लिहून टाकतो.

काकू आमच्या घरमालकीण. मागच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्याने राहत होतो, पुढच्या घरात त्या एकट्या. मुलगी लग्न होऊन अकोल्याला. त्यांचे यजमान, वकीलसाहेब, स्वराज्य आल्यावर थोड्याच दिवसांत गेले, आणि त्यांच्या पाठोपाठ काकूंची नजर जायला लागली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आधी सुईत दोरा ओवता येईना, मग तांदळातला खडा दिसेना, मग माणूस दारात उभा राहिला तर तो कोण हे आवाजावरून ओळखायचं. हळूहळू त्यांचं पाहण्याचं काम माझ्याकडे आलं. लेकीचं पत्र आलं की मी वाचायचं. लुगडं घेतलं की त्याचा रंग मी सांगायचा. आभाळ आलंय की नुसती धूळ, हेही मीच. “मास्तरानं सांगतलं,” एवढं म्हटलं की त्यांच्या दृष्टीने विषय संपत असे.

गाडी अंगणातल्या छपरीत उभी होती. लढाईच्या आधीची, विलायती, बंद डब्याची, काळी. मागच्या खिडक्यांना जांभळे मखमली पडदे. ती इतकी वर्षं हलली नव्हती की चाकांच्या आऱ्यांतून तरोट्याची रोपं वर आली होती. एकदा भंगारवाला येऊन तिच्याभोवती फिरून गेला, आणि त्या संध्याकाळी काकूंनी मला हाक मारली.

“मास्तर, तुमी त्या गाडीकडे पाहत राहता, मले मालूम हाये.”

“तुम्हाला कसं दिसतं, काकू?”

“दिसत नाई, ऐकू येते. तुमचं पाऊल तिथं थांबते.” मग थोडं थांबून म्हणाल्या, “घेऊन टाका. भंगारवाला तिचे तुकडे करीन. तुमी तिले चालती करा. फक्त एक करजा. आमच्या यायनं जशी ठेवली होती, तशीच राहू द्या. काळी, पडदेवाली.”

मी हो म्हटलं. शपथ वगैरे काही नाही, साधं हो. पण त्या बाई माझ्या साध्या ‘हो’वर जगत होत्या, हे मला तेव्हाही माहीत होतं.

त्यानंतरचे माझे रविवार त्या छपरीत गेले. मला इंजिनातलं काही कळत नव्हतं. कापसातली सरकी काढायच्या जिनातल्या ऑइल इंजिनवर काम करणारा एक मिस्त्री ओळखीचा होता, त्याला विचारायचं, पुस्तकं चाळायची आणि बाकी हात काळे करून शिकायचं. सायलेन्सरमध्ये उंदरांनी कापसाची गादी करून संसार मांडला होता. रेडिएटर उकळत्या सोड्याच्या पाण्याने धुतला, तर तो इतका स्वच्छ झाला की नवीन चार ठिकाणी गळायला लागला. व्हॉल्व्ह घासून घासून बसवले. प्रत्येक नट रॉकेलच्या डब्यात भिजत पडलेला असे आणि जेवताना माझ्या बोटांना त्याचा वास येई. काकू ओट्यावर बसून हे सगळं ऐकत. “आज लोखंडावर नाई, लाकडावर ठोकून राह्यले न?” असं विचारत. ज्या दिवशी हँडल मारल्यावर इंजिनाने पहिल्यांदा श्वास घेतला, खोकलं, आणि मग लागलं, त्या दिवशी त्यांनी मोहल्ल्याला गूळ-शेंगदाणे वाटले.

पहिला बदल माझा नव्हता, वाळवीचा होता. गाडीच्या डब्याचा सांगाडा लाकडी असतो, हे मला पत्रा काढल्यावर कळलं. छताचं लाकूड बोटाने दाबलं की पीठ होत होतं. दमण्या, म्हणजे टपाच्या बैलगाड्या, करणाऱ्या सुताराला बोलावलं. त्याने सांगितलं की खालचा भाग सागवानात करून देतो, पण हे गोल छत आपल्याच्याने होणार नाही, दमणीला असतो तसा कापडी टप करून घ्या, मागे दुमडता येईल. मी तसं करून घेतलं. छत गेलं तर खिडक्या गेल्या, खिडक्या गेल्या तर पडदे गेले. हे काकूंना सांगता आलं असतं. वाळवीवर त्या काय रागावणार होत्या? पण “छत कसं निघालं?” असं त्यांनी विचारलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “होतं तसंच बसलं, काकू.” काम चाललं असताना कशाला त्यांच्या जिवाला घोर, असा विचार मी केला. म्हणजे केला असं मी स्वतःला नंतर सांगितलं.

रंगाचं मात्र वेगळं. पहिला हात मी काळाच दिला, हे खरं आहे. घाण्यावरून जवसाचं तेल आणलं, उकळलं, त्यात काळा रंग घोटला. जवसाच्या तेलाने चकाकी छान येते, पण ते वाळायला दिवस घेतं. आणि मी हे केलं कधी, तर दिवाळीनंतर, जिनं सुरू झाल्यावर. वर्ध्यात राहणाऱ्या माणसाने असा मूर्खपणा करायला नको होता. त्या दिवसांत इथे हवेतच कापूस असतो. सकाळी उठून पाहतो तर ओल्या काळ्या रंगावर सगळीकडे पांढरी लव. गाडीला मिसरूड फुटलं होतं. कापडाने पुसायला गेलो तर ती लव आणखी आत बसली. काकू येऊन हात फिरवून गेल्या आणि म्हणाल्या, “हे काऊन खरखरीत लागते?” मी म्हटलं, “वाळतंय अजून.”

बैलबंड्या रंगवणारा पेंटर आला, हसून हसून खाली बसला. म्हणाला, “मास्तर, आपल्या गावात काळा रंग देनं म्हंजे कापसाले आवतन देनं. पांढरट काहीतरी द्या. कापूस बसला तरी दिसनार नाई.”

झालं, मला कारण मिळालं. मी गाडीला अंबाडीच्या फुलाचा रंग दिला. सगळं अंग फिकट पिवळं, आणि फुलाच्या पोटात जसा गडद तांबडा डोळा असतो, तसे मडगार्ड आणि चाकं. कापूस दिसू नये म्हणून दिला, असं मी पेंटरला, बायकोला, मिस्त्रीला सांगितलं. खरी गोष्ट अशी की तो रंग घोटताना मला जितका आनंद झाला तितका त्या वर्षांत दुसऱ्या कशाने झाला नव्हता. पोरांना कुंड्या आणि केळी काढायला शिकवणारा मी. माझ्या मनातला रंग मोठ्या आकारात लावायला मला कुणी कधी काही दिलं नव्हतं. काकूंना सांगितलं, “दुसरा हात काळाच दिला, आता गुळगुळीत झालाय.” त्यांनी हात फिरवला, समाधानाने मान हलवली.

त्यानंतर मी हुशार झालो. जे त्यांना ऐकू येईल ते जुनं ठेवायचं आणि जे फक्त दिसेल ते बदलायचं. रबरी फुग्याचा भोंपू जुनाच. डाव्या दाराची कुरकुर त्यांना ओळखीची, म्हणून त्या बिजागरीला मी तेल घातलं नाही. सीटची स्प्रिंग बसताना जशी कण्हायची तशीच कण्हू दिली, वर मात्र नवी गादी. मोहल्ल्यातल्या लोकांना बायकोने सांगून ठेवलं होतं की म्हातारीला कुणी काही बोलू नका. सगळे मजेत सामील झाले. बसायला मात्र काकू कधी आल्या नाहीत. म्हणायच्या, “दिसत नाई तं गाडीत बसून काय पाहू? डोळे येतीन तवा बसीन.”

सांभाळून न घेणारी एकच भेटली, दूध घालणारी गवळण. तिला कुणी सांगायचं विसरलं असावं. एका सकाळी माप ओतता ओतता म्हणाली, “काकू, तुमची गाडी तं हळद लागल्यावानी दिसून राह्यली. कोनाशी लगन लावता तिचं?”

काकू म्हणाल्या, “काळी हाये ते.”

“मी आंधळी हावो का? पिवळी जर्द हाये!”

“मास्तरानं सांगतलं, काळी हाये. मंग काळीच हाये. माह्या डोळ्यांची चेष्टा करतं का वं? उद्यापासून तुहं दूध नको.”

मी त्याच ओट्यावर दाढी करत होतो. आरशात मला गवळणीचं तोंड दिसलं. ती माझ्याकडे पाहत होती, मी काही बोलेन म्हणून. मी गालावरून वस्तरा ओढत राहिलो. ती घागर उचलून गेली आणि आमच्या घराचं दूध दुसरीकडून सुरू झालं. बाकीच्या खोट्याला मी काही ना काही नाव देत असे. याला मला नाव देता आलं नाही.

मग एका दिवाळीच्या सुटीत सेवाग्रामच्या वाटेवरच्या एका शाळेत डोळ्यांचं शिबिर भरलं. मीच काकूंना टांग्यातून नेलं. शाळेच्या वर्गांत खाटा मांडल्या होत्या आणि त्यांवर दोन्ही डोळ्यांना पट्ट्या बांधलेली माणसं उताणी पडलेली. डोकं हलवायचं नाही, खोकायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही. दिवसा माझी बायको काकूंजवळ बसे. ऑपरेशन नीट पार पडलं. आणि बायकोने एका संध्याकाळी घरी येऊन निरोप दिला, “काकू म्हणतात, पट्टी सुटली की पहिल्यांदा साहेबांची गाडीच पाहणार. मास्तरांना म्हणावं, तीच घेऊन या.”

दुसऱ्या दिवशी मी बाजारातून काळा रंग आणला. बायको शिबिरात गेल्यावर डबा उघडला आणि बॉनेटवर ब्रशचा एक रुंद पट्टा ओढला. पिवळ्यावर तो काळा इतका दुष्ट दिसला की मी मागे सरलो. तरी दुसरा पट्टा ओढला असता. तेवढ्यात बायको विसरलेला तांब्या न्यायला परत आली आणि छपरीच्या दारात उभी राहिली.

“रंग द्याल हो,” ती म्हणाली. “छताचं काय? काकूंना सांगाल की ऊन खूप होतं, वितळलं?”

मी ब्रश डब्यावर टेकवला.

“अन् मोहल्ल्यात कोण कोण आहे त्या सगळ्यांना आता उलटं शिकवा, की गाडी पहिल्यापासून काळीच होती. दवंडीवाला बोलावू का?”

ती गेली. मी टर्पेंटाइनने तो पट्टा पुसला, थोडा राहिलाच. हात धुतले आणि सायकल काढली. वाटेत सेवाग्रामकडून कापसाच्या बंड्या येत होत्या, त्यांच्या कडेकडेने जाताना मी काय बोलायचं ते जुळवत होतो. जुळवलेलं एकही वाक्य वापरता आलं नाही.

काकूंना त्या दिवशी बसायची परवानगी मिळाली होती. उशीला टेकून, पट्टी बांधलेलं तोंड दाराकडे करून बसल्या होत्या. शेजारच्या खाटेजवळ नर्स कुणाला तरी औषध पाजत होती. बायको बाजूला सरली.

“मास्तर होये न? पाऊल वळखलं. गाडीचं सांगतलं का तुमच्या बायकोनं?”

“काकू, गाडीबद्दलच आलोय.”

“पेट्रोल नाई का?”

“पेट्रोल आहे. गाडी काळी नाही.”

त्यांचा हात पांघरुणावर होता, तिथेच राहिला. “काळी नाई म्हंजे?”

“पिवळट आहे. अंबाडीच्या फुलासारखी. मडगार्ड तांबडे.”

“अन् छत?”

“छताला वाळवी लागली होती. आता कापडी टप आहे. पडदे पण नाहीत.”

“कवापासून?”

“पहिल्या रंगानंतर. म्हणजे जवळजवळ पहिल्यापासूनच.”

पट्टी बांधलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरून काही समजत नाही, आणि मला त्या वेळी तो चेहरा वाचता आला असता तर बरं झालं असतं. मग त्या म्हणाल्या, “म्हंजे गवळन खरं बोलली.”

“हो.”

“तवा तुमी कुठं होते?”

“ओट्यावरच होतो. दाढी करत होतो.”

“माय वं,” त्या हळूच म्हणाल्या. मला वाटलं, आता हाकलतील, आणि हाकलावं असंच वाटत होतं. पण त्यांना दुसरीच शंका आली होती. त्या पुढे वाकल्या. “मास्तर, मंग बाकीचं? लेकीची पत्रं वाचली ते?”

“अक्षर न् अक्षर खरं.”

“माहं निळं लुगडं?”

“निळंच आहे.”

“अन् मी म्हनलं होतं, माहे केस किती पांढरे झाले, तुमी म्हनलं, अजून निम्मे काळे हायेत?”

मी बायकोकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. “ते… ते खोटं होतं, काकू. सगळे पांढरे आहेत.”

“सारे?”

“सारे.”

“रंगाचं मी माह्या डोळ्यानं पाहून घेईन,” त्या म्हणाल्या. “वाळवीचं बी समजलं. मले एवढं सांगा, खोटं काऊन बोलले? मी काय तुमाले खाऊन टाकलं असतं?”

मी खरंच विचार केला. “सोपं होतं म्हणून. तुम्ही लगेच विश्वास ठेवत होतात.”

“हे मात्र खरं बोलले,” त्या म्हणाल्या. आणि मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. “जन्मभर वकिली केली त्या मानसानं, अन् त्याच्या गाडीची तुमी अंबाडीची भाजी केली हो!”

“आजी!” नर्स धावत आली. “हसायचं नाही म्हणून किती वेळा सांगितलं? डोळ्यावर ताण येतो.”

“मी कुठं हसतो वं बाई, हे मास्तर हसवून राह्यले. याले बाहेर काढ.” आणि मी दारापर्यंत गेल्यावर मागून म्हणाल्या, “गवळनीच्या घरी जा. आजच. दूध लावून या अन् सांगा कोन खोटं होतं ते. मी सांगतलं म्हून नाई, तुमच्या तोंडानं.”

गेलो. गवळणीने ऐकून घेतलं, “मले मालूमच होतं जी,” म्हणाली आणि म्हशीकडे वळली. माफ केलं की नाही, कळलं नाही. दूध मात्र दुसऱ्या सकाळपासून आलं. घरी येऊन मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या आणि रात्री असा झोपलो की बायकोने दोनदा उठून पाहिलं.

पट्टी सुटायच्या दिवशी मी टप मागे दुमडून गाडी शाळेच्या फाटकाशी उभी केली. काकूंच्या कपाळावरून हिरव्या कापडाची झडप डोळ्यांवर सोडली होती. चष्मा महिनाभराने मिळणार होता. तोवर सगळं पुसट, फक्त रंग दिसतील, असं डॉक्टर म्हणाले होते. बायकोने त्यांचा हात धरून आणलं. गाडीसमोर येऊन त्यांनी ती झडप दोन बोटांनी उचलली. बघत राहिल्या. मी दाराच्या मुठीला धरून उभा.

“पुढं बसतो,” त्या म्हणाल्या. “आमच्या यायच्या मांगं पडद्याच्या आत बसून लई वर्षं गेले. रस्ता कसा असते, मले मालूमच नाई.”

त्या पुढे बसल्या, बायको मागे. गाडी सुरू झाल्यावर थोड्या वेळाने, रस्त्याकडेच पाहत म्हणाल्या, “मास्तर, तुमाले राग नाई येत तं सांगतो. मले काळीच बरी वाटत होती.”

“हो, काकू.”

“उगीच चांगली म्हननार नाई मी.”

“नका म्हणू.”

हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. अंबाडीचा तो रंग मी जीव लावून घोटला होता. पण छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं आणि मी गिअर बदलताना, मला स्वतःला ऐकू येईल इतपत, शीळ घातली. मागून बायको म्हणाली, “ऐका, फळा वाजायला लागला.”

वर्ध्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर बाजाराच्या बंड्यांची रांग लागली होती. गाडी त्यांच्या बाजूने हळू न्यावी लागत होती.

“हे पांढरं पांढरं काय होये?” काकूंनी विचारलं.

“कापूस. बंड्या बाजारात चालल्या आहेत.”

“खरं?”

“खरं, काकू.”

“अन् ते हिरवं?”

“तूर.”

“हं.” थोडं अंतर गेलं. “तूर होये न नक्की?”

मागून बायको म्हणाली, “तूरच आहे, काकू. मी पण बघतेय.” तेव्हा कुठे त्यांनी मान हलवली. तेव्हापासून हे असंच चालत आलं आहे. मी सांगितलेलं त्या दुसऱ्या कुणाकडून तरी ताडून घेतात, माझ्या देखत घेतात, आणि आता चष्मा आला तरी सवय मोडलेली नाही. मला त्याचा कंटाळा येत नाही. इतकी वर्षं कुणी माझ्या शब्दावर डोळे मिटून बसलं होतं. आता ते ओझं माझं एकट्याचं राहिलेलं नाही.

त्या दिवशी एका बंडीपाशी रस्ता अडला आणि गाडी थांबवावी लागली. बंडीवाला कापसाच्या गठ्ठ्यावर बसून आमच्याकडे टकामका पाहत होता. काकूंनी झडप वर केली आणि बाहेर वाकून त्याला हाक मारली.

“काऊन रे भाऊ, हे गाडी कोनत्या रंगाची हाये?”

त्याने आधी काकूंकडे पाहिलं, मग माझ्याकडे, यात काही फसवणूक तर नाही ना म्हणून. “पिवळी हाये न, आजी. चाकं लाल हायेत.”

“बरं,” काकू म्हणाल्या आणि मागे टेकल्या. “चला मास्तर, आता खरं बोलून राह्यले तुमी.”